दोन ठोके म्हणजे हवा

हे लिहायचं नाही असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. एक तर पाण्याच्या पाइपाच्या आत काय चालतं हे वाचायला कुणाला वेळ आहे. आणि दुसरं म्हणजे ज्याची ही गोष्ट आहे त्याला त्याच्या कानांबद्दल कुणी बोललेलं खपत नाही. मग म्हटलं, त्याला तसंही बरंच काही खपत नाही. लिहून टाकू.

तर कानसेन सिंकखालच्या कपाटात शिरला होता. बाहेर दिसत होते फक्त दोन पाय, आणि पायांत असे बूट की त्यांचा मूळ रंग त्याच्या बायकोलाही आता सांगता आला नसता. टेलरबाई शिवणयंत्रावर बसून त्या पायांशी बोलत होत्या.

"म्हणजे नवीन पाइप घालणार नाही तुम्ही."

"नाही ताई. भिंत फोडायची नाही, फरशी उखडायची नाही. आहे तोच पाइप आतून खरवडायचा आणि आतून अस्तर लावायचं."

बाईंनी यंत्र थांबवलं. "अस्तर? कोटाला लावतो तसं?"

"तसंच. फक्त सुईदोरा नाही. हवेनं लावायचं."

"हवेनं अस्तर लागतं हे आधी कळलं असतं तर मी तीस वर्षं मान मोडून बसले नसते."

पाय हसले. म्हणजे हलले.

टेलरबाईंचा आवाज यंत्राच्या खडखडाटावर चढवलेला. तीस वर्षांची सवय, आता यंत्र बंद असलं तरी तो खाली उतरत नव्हता. कानसेनाला अशी माणसं फार आवडायची. का आवडायची ते पुढं येईलच.

इमारत चार मजल्यांची, घरं आठ, वय चाळिशीच्या पुढं. पाइप लोखंडी. बाहेरून ठणठणीत, आतून सगळी बोंब. सकाळची पहिली बादली चहाच्या रंगाची यायची, दुसरी पातळ चहाच्या, आणि तिसरीपर्यंत बहुतेकांचा धीर सुटायचा. टेलरबाई डॉक्टरांचे पांढरे कोट शिवायच्या. वाफेच्या इस्त्रीत नळाचं पाणी घातलं की ती बरोबर खिशापाशी एक तांबडा ठिपका थुंकायची. त्यामुळे त्यांच्या घरात माणसं नळाचं पाणी पीत होती आणि इस्त्री बाटलीचं.

काम असं असतं. पाणी बंद करायचं, नळ काढायचे, गरम हवा सोडून पाइप कोरडा करायचा. मग हवेबरोबर दगडाची बारीक कच सोडायची. ती आतला गंज खरवडत जाते आणि प्रत्येक नळाच्या जागेतून तांबडी भुकटी होऊन बाहेर पडते, म्हणून तिथं जाड नळी लावून टोकाला पिशवी बांधायची. हा पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी इपॉक्सीचे दोन डबे एकत्र कालवायचे, पाइपात घालायचे आणि मागून हवा. हवा त्या चिकट गोळ्याला पुढं ढकलत नेते, आणि जाता जाता तो पाइपाला आतून सगळीकडं सारखा लेप देतो. कालवल्यापासून वीस मिनिटांत काम संपलं पाहिजे, नाहीतर तो जिथं असेल तिथंच बसकण मारतो. तिसऱ्या दिवशी पाणी.

याला दोन माणसं लागतात. खाली तळघरात, हवेच्या तोटीपाशी, पैलवान. नाव पैलवान, पण कॉम्प्रेसरची नळी त्यानं खांद्यावर घेतली की नळीनंच त्याला उचलल्यासारखं दिसायचं. आणि वर घराघरांत कानसेन. अठरा वर्षं ही जोडी. दोघांमध्ये चार मजले, मधे कॉम्प्रेसरचा दणका. फोन तळघरात लागत नाही. वॉकीटॉकी एकदा आणली होती, तिच्यातून पैलवानाचा आवाज असा यायचा की तो तळलाच जातोय. शेवटी ज्या पाइपावर काम चाललंय त्याच्यावरच ठोकायचं. दोन ठोके म्हणजे हवा सोड. तीन म्हणजे बंद कर. खालून उत्तराला एक ठोका, म्हणजे कळलं. इतकं साधं.

कानसेन हे नाव त्याला कंपनीतल्या जुन्या माणसांनी दिलं होतं. भिंतीला कान लावून तो सांगायचा, "तिसऱ्या मजल्याच्या वळणात खपली अडकलीय, थोडी हवा वाढव." हवा वाढवली की खपली सुटायची. नवी माणसं कॅमेरा काढेपर्यंत हा पुढच्या घरात गेलेला असायचा.

हे सगळं दोन वर्षांपूर्वीपर्यंत.

बारीक आवाज आधी गेले. फोनची घंटी गेली. कुकरची शिट्टी गेली. मग बायकोचं ‘अहो’ गेलं, त्याचं सुरुवातीला त्याला फारसं वाईट वाटलं नाही. आणि एक दिवस पैलवानाचा ठोका गेला. त्या दिवशी तो घामाघूम होऊन पाइपाला धरून उभा राहिला, आणि पुढचा ठोका त्याला तळहाताला कळला. धक्कन. तेव्हापासून तो भिंतीला कान लावायचा तो लोकांसाठी. ऐकायचा हातानं.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वरून काढलं असतं, आणि त्याला वरचंच काम आवडायचं. लोकांची स्वयंपाकघरं आवडायची. फ्रिजवर कुणी काय चिकटवलंय, कुणाच्या घरी नवरा भांडी घासतो, कोणती आजी पिशवीतली भुकटी बघून "एवढं आमच्या पोटात जात होतं होय" म्हणते. अठरा वर्षांत तो हजारभर घरांच्या सिंकखाली शिरला होता, आणि प्रत्येक घरात निदान एक तरी माणूस त्याच्या पायांशी बोललं होतं. तळघरात कोण बोलणार. पैलवान तिथं सुखी होता, कारण पैलवानाला माणसांचंच वावडं.

अकराच्या सुमाराला पिशवी भरली. कानसेनानं पान्यानं पाइपावर तीन ठोके दिले.

"हे काय?" टेलरबाई.

"हवा बंद कर म्हणून सांगितलं. तीन म्हणजे बंद. दोन म्हणजे चालू."

"दार वाजवण्यासारखं."

"हो. फक्त दार चार मजले खाली."

खालून एक ठोका आला, हाताला कळला. हवा थांबली. कानसेनानं नळी सोडवली, पिशवी काढली, बाईंना उघडून दाखवली. बाईंनी चिमूट घेऊन बोटांत चोळली, कापडाचा पोत बघतात तशी. "अशी बारीक मेंदी मिळत नाही दुकानात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा यंत्राकडं वळल्या. यंत्रावर बारावा कोट होता. अकरा तयार होऊन दांडीवर टांगलेले. सकाळी कानसेनानं स्वतः त्यांच्यावर प्लॅस्टिक घातलं होतं आणि चारी बाजूंनी चिमटे लावले होते, त्याबाबतीत तो पक्का.

मग तो परत कपाटापाशी उकिडवा बसला. पाइपाचं तोंड उघडं होतं. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात नळीची पकड, आणि डोळा पाइपाच्या तोंडाला. आत कितपत चकाकी आली ते बघत होता.

दोन्ही हात गुंतलेले. पाइपावर एकही नव्हता.

"अहो, खाली कुणीतरी ठोकलं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ठोकलं. दोनदा. आणि मग परत एकदा, मोठ्यानं."

"नाही हो ताई. माझा माणूस आहे खाली. ठोकलं तर मला कळतंच."

"आणि ही शिट्टी?"

"कसली शिट्टी?" कानसेन पाइपातच बोलला.

टेलरबाईंनी वाद घातला नाही. त्या उठल्या, दोन पावलं टाकली, आणि मापाला उभं राहायला तयार नसलेल्या पोराला ओढावं तसं त्याला कॉलरला धरून मागं ओढलं. तो पाठीवर पडला. टॉर्च कपाटाखाली गेली.

आणि पाइपातून तांबडा ढग सुटला.

आधी समोरचं कपाट दिसेनासं झालं, मग खिडकी, मग बाई. कानसेन फरशीवर पडून पान्यासाठी हात मारत होता आणि त्याला पाना सापडत नव्हता. तेवढ्यात ढगातून ठण, ठण, ठण. हवा थांबली. भुकटी सावकाश खाली बसायला लागली, आणि तिच्यातून टेलरबाई उगवल्या, नखशिखांत विटेच्या रंगाच्या, हातात शिवणाची मोठी कात्री, कात्रीचा दांडा अजून पाइपावर टेकलेला.

"तीन म्हणजे बंद ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ठीक."

त्यांनी डोळे पुसले, आधी दांडीकडं बघितलं. प्लॅस्टिकखाली अकरा कोट पांढरेशुभ्र. बारावा यंत्रावर होता, त्याच्याकडं त्यांनी नुसतं बघितलं. मग खाली बसल्या, कानसेनासमोर, फरशीवरच.

"तुम्हाला ऐकू येत नाही."

"भुकटी गेली कानात."

"भुकटी आत्ता गेली. शिट्टी आधीची."

बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, पण तोंड समोर होतं, त्यामुळे त्याला सगळं कळत होतं. नको इतकं.

पैलवान चार मजले धावत आला. दारात उभा राहून त्यानं आधी कानसेनाचे डोळे बघितले, पापण्या बोटांनी ताणून, मग बाईंचे लांबूनच बघितले, मग भिंतीला टेकून धापा टाकायला लागला.

"ठोका आला," तो म्हणाला. "दोन. मी उत्तर दिलं. मग सोडली."

"मी नाही दिला."

दोघं एकमेकांकडं बघत राहिले.

पाऊण तासात इंजिनीअर मॅडम आल्या. वय तिशीचं, हेल्मेट काखेत, चेहरा गंभीर. मॅडमनी स्वयंपाकघर बघितलं, बाईंची माफी मागितली, साफसफाईला माणसं बोलावली आणि दोघांना जिन्याच्या वळणावर घेतलं.

"काय झालं?"

कानसेन तोंड उघडायच्या आत पैलवान बोलला. अठरा वर्षांत तो कुठल्याही साहेबापुढं पहिला बोलला नव्हता.

"माझी चूक. हात लागला तोटीला."

"हात लागला?"

"लागला."

"ती तोटी फिरवायला दोन्ही हात लागतात."

"दोन्ही लागले," पैलवान म्हणाला.

मॅडम त्याच्याकडं बराच वेळ बघत होत्या. "हे खरं असेल तर मला तुम्हाला हवेवरून काढावं लागेल. कळतंय ना? परत त्या तोटीला हात लावता येणार नाही."

"काढा."

मॅडमनी पिशवीतून घटना नोंदवायचा फॉर्म काढला. "दोघांनी मिळून भरा, दोघांच्या सह्या. मी तोवर वरचं बघते. कारण सविस्तर लिहा. हात लागला असेल तर कसा लागला ते पण."

त्या वर गेल्या. दोघं पायरीवर बसले. फॉर्म नेहमी कानसेनच भरायचा. पैलवानाचं अक्षर असं होतं की एकदा त्यानं ‘काम पूर्ण’ लिहिलेलं कंपनीनं ‘कान सूर्य’ वाचलं होतं.

"लिही," पैलवान म्हणाला. "हात लागल्यामुळे."

कानसेनानं पेन उघडलं. तारीख लिहिली. इमारत लिहिली. मजला लिहिला. मग थांबला.

"उत्तराचा ठोका तू कशानं दिलास?"

"हातोड्यानं."

"आधी पान्यानं द्यायचास."

पैलवान बुटाच्या लेसशी खेळायला लागला.

"कधीपासून हातोडा?"

"असेल दीड वर्ष."

"का?"

"पाना हलका पडत होता."

"पाइप तोच. मजले तेवढेच. हलका कुणाला पडत होता?"

कानसेनाला एकदम सगळं दिसलं. दीड वर्ष खाली हा माणूस एका ठोक्यासाठी हातोडा उचलत होता. जेवताना पैलवान आजकाल कायम समोरच बसायचा, पूर्वी शेजारी बसायचा, तेही त्याला दिसलं.

"मग बोलला का नाहीस लेका?"

"तू बोलला नाहीस. मी कशाला बोलू."

"अरे पण..."

"लिही ना. हात लागल्यामुळे. मला काय, मी गोडाऊनमध्ये जाईन. तिथं तर अजून शांतता."

ते त्यानं इतकं मनापासून म्हटलं की कानसेनाला हसू आलं. आणि हसू आलं म्हणूनच त्याला ते लिहिता येईना. नाहीतर लिहिलं असतं, मला वाटतं. खरंच लिहिलं असतं. दोन वर्षं सांभाळलेली गोष्ट माणूस एका ओळीत देऊन टाकत नाही, आणि समोर मित्र ती लपवायची ओळ आयती देतोय. पेन कागदावर टेकून तो बसला. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ लागला होता, पैलवान त्याच्यावर बोटानं ताल धरत होता. कानसेनाला फक्त बोट दिसत होतं.

मग त्यानं लिहिलं. एका दमात, खाडाखोड न करता.

‘हवा बंद असताना पाइपावर दोन ठोके आले. ते कुणाचे ते माहीत नाही. तोटीवरच्या माणसानं नियमाप्रमाणे उत्तर देऊन हवा सोडली. त्याची चूक नाही. वरच्या माणसाला, म्हणजे मला, ते ठोके, उत्तराचा ठोका आणि हवेचा आवाज यातलं काही ऐकू आलं नाही. घरातल्या बाईंना आलं. त्यांनी ओढलं म्हणून डोळे वाचले. मला दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. कळवलं नव्हतं.’

खाली सही.

पैलवानानं वाचलं. दोनदा वाचलं. "शहाणा," तो म्हणाला, आणि ते काही कौतुकानं म्हटलं नव्हतं.

"सही कर."

"नाही करत."

"तुझ्या सहीला कोण विचारतंय. सूर्य काढ एक."

पैलवानानं सही केली आणि तोंड फिरवून बसला.

मॅडम खाली आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर दुसऱ्या मजल्यावरचे पोस्टमनकाका होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी खाकी पँट सोडली नव्हती. काखेत भिंतीवरचं मोठं घड्याळ.

"तुमच्या कॉम्प्रेसरनं माझं घड्याळ पडलं," ते म्हणाले. "आजच लावलं होतं. अकरा वाजता. दोन घाव घातले, खिळा बसला, घड्याळ टांगलं, मागं वळलो तर खाली."

पैलवानानं फिरवलेलं तोंड परत वळवलं.

"काका," मॅडम म्हणाल्या, "नोटीस लावली होती. तीन दिवस भिंतीचं काही काम करू नये."

"नोटीस वाचली मी. आयुष्यभर लोकांचे कागद पोचवले, मी नाही वाचणार? तिच्यात ड्रिल लिहिलंय. हातोडीचं कुठं लिहिलंय?"

"दोन घाव," पैलवान हळूच म्हणाला. "दोनच कसे हो घातले?"

"तिसऱ्याची गरज पडत नाही मला," पोस्टमनकाका म्हणाले.

तिसरा घातला असता तर हवा सुटलीच नसती. पैलवान डोकं धरून हसायला लागला, आणि त्याला बघून कानसेन. मॅडमनी दोघांना हसू दिलं. मग फॉर्म वाचला. वाचताना त्यांचा चेहरा बदलला नाही, पण वाचून झाल्यावर त्या कानसेनाच्या अगदी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द सुटा करून बोलल्या. म्हणजे त्यांना कळलं होतं की आता असं बोलायचं असतं.

"मामा, डोळे गेले असते."

"हो."

"तुमचे सोडा. बाई दहा मिनिटं आधी त्याच पाइपापाशी होत्या."

हे कानसेनानं स्वतःशीसुद्धा म्हटलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यावर पुढचं त्याला ऐकू आलं नाही. मॅडमनी खांद्याला हात लावून ती वर करवली.

"वर जायचं नाही आता. तुम्ही खाली, हे वर. ठोक्यांचा कारभार बंद, उद्यापासून वायर टाकून दिवा लावायचा. हिरवा म्हणजे हवा, लाल म्हणजे बंद. सोमवारी कान तपासायचे, कंपनी पाठवील. आणि मामा, हे लिहिलंत ते बरं केलंत. नाहीतर मी यांना काढून बसले असते आणि पुढच्या इमारतीत तुम्ही असतात तसेच."

दुसऱ्या दिवशी पैलवान वर गेला. जाताना फाशीला निघाल्यासारखा.

कानसेन तळघरात स्टुलावर बसला. कानांवर कॉम्प्रेसरचा आवाज अडवणारे गोल मफ, समोर खिळ्याला टांगलेले दोन दिवे. भिंतीच्या कडेनं आठ पाइप वर गेलेले, आठ घरांचे. एवढी वर्षं त्यानं या पाइपांची फक्त वरची तोंडं बघितली होती. त्यानं दोन्ही डबे कालवले, घड्याळ लावलं, पहिल्या पाइपात ओतलं. हिरवा लागला. दोन्ही हातांनी तोटी फिरवली.

आणि मग, बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून, तळहात पाइपावर ठेवला.

गोळा वर निघाला होता. ते हाताला कळत होतं. लोखंडाला आतून कुणीतरी ओला हात फिरवत नेतंय असं. पहिल्या वळणापाशी जरा अडला, मग पुढं. कोरड्या पाइपाची थरथर खरखरीत असते, लेप बसला की ती मऊ होते. तळापासून वर मऊ होत गेली. तिसरा मजला. चौथा. लाल दिवा. कानसेनानं हवा बंद केली तेव्हा घड्याळात अजून आठ मिनिटं होती.

चौथ्या पाइपानंतर टेलरबाई खाली आल्या. जिन्यावरूनच बोलायला सुरुवात.

"तुमचा तो माणूस काही बोलत नाही हो. मी सकाळपासून सात प्रश्न विचारले. ‘हो’ आणि ‘बघतो’, एवढंच. मी विचारलं लेप पिण्याच्या पाण्याला चालतो ना, तर ‘हो’. विचारलं किती वर्षं टिकतो, तर ‘बघतो’."

"तो बघणारा माणूस आहे ताई. टिकवणारच."

बाईंनी तळघर बघून घेतलं. दिवे, डबे, स्टूल. "आणि तुम्ही इथं?"

"इथं."

"कायमचं?"

"सोमवारी कळेल."

"हं." त्या पायरीवर बसल्या. हे त्याला अपेक्षित नव्हतं. "तो बारावा कोट मी मलाच ठेवला. नाही निघत तो रंग. इस्त्री करताना घालीन. आता सांगा, किती वर्षं टिकतो?"

आणि कानसेनानं सांगितलं. हात हलवून, डब्यातला उरलेला लेप काडीला लावून दाखवून, व्यवस्थित, पंधरा मिनिटं. मधे एकदा हिरवा लागला तेव्हा बाईंनीच दाखवला.

तिसऱ्या दिवशी कॅमेरा आत गेला. मॅडमच्या छोट्या पडद्यावर पाइप आतून दिसला, चिनीमातीच्या कपासारखा गुळगुळीत, एक ओरखडा नाही. मॅडमनी पडदा मुद्दाम कानसेनाकडं वळवला. मग पाणी सोडलं. पोस्टमनकाकांनी पहिली बादली भरून खाली आणली आणि सगळ्यांना तळ दाखवला. टेलरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आठ दिवस बघते, मग बोलते." कौतुक त्या उधारीवर करत नव्हत्या.

दुपारी सामान भरलं. नळ्या गुंडाळून गाडीत गेल्या, कॉम्प्रेसर मागं जोडला. गाडीचा ड्रायव्हर कागदांवर सह्या घ्यायला वर गेला होता, तेवढा वेळ दोघं कॉम्प्रेसरच्या कडेच्या लोखंडी पट्टीवर बसले, पाय लोंबकळत. पैलवानाच्या केसांत अजून तांबडी भुकटी होती. दोन दिवसांत आठ घरांत शिरावं लागल्यामुळे तो लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा थकला होता.

"चौथ्या मजल्यावर समोरच्या घरात," तो म्हणाला, "एक म्हातारी मला तिच्या जावयाबद्दल पाऊण तास सांगत होती. मी काय करायचं असतं अशा वेळी?"

"ऐकायचं असतं."

"तू हे रोज करायचास?"

"रोज."

"आवडीनं?"

कानसेनानं इमारतीकडं बघितलं. आठ स्वयंपाकघरांच्या आठ खिडक्या. एकीत कुणीतरी भांडी धूत होतं, नळ सोडून, उगाच सोडून, पाणी किती स्वच्छ आहे ते बघत.

"आवडीनं," तो म्हणाला.

पैलवान रस्त्याकडं बघत, दुसरीकडं तोंड करून, काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला, चारपाच वाक्यं तरी. कानसेनानं मान हलवली. हो, हो.

पैलवान वळला. "काय म्हणालो मी?"

"तेच. कामाचं."

"काय कामाचं?"

कानसेन हसला. नेहमीचं हसू, ज्याच्यावर दोन वर्षं निभावलं होतं. पैलवान हसला नाही.

"मान का हलवलीस मग?"

"सवय."

"माझ्यापुढं नाही चालणार. कानाला यंत्र लागेल की नाही लागेल, डॉक्टर काय सांगायचं ते सांगेल. पण मला हो-हो करायचं नाही. बायकोपुढं कर, साहेबापुढं कर. माझ्यापुढं नाही."

"बरं."

"बरं नाही. नीट सांग."

कानसेनानं पाय हलवायचे थांबवले. पट्टीवरून उतरून तो पैलवानाच्या समोर उभा राहिला, म्हणजे आता जे बोलेल ते तोंडावर बोललेलं राहील, आणि जे ऐकेल तेही.

"ऐकू आलं नाही तर ‘नाही आलं’ म्हणेन," तो म्हणाला. "परत विचारीन. दहा वेळा विचारावं लागलं तरी विचारीन."

"दहा वेळा विचारलंस तर मी वैतागेन."

"वैताग. मी तरी विचारीन. शब्द दिला."

"दिलास?"

"दिला. आता सांग, मगाशी काय म्हणालास."